राज्य बदलले की पेन्शन कोण देते? १९४७, हाँगकाँग आणि गोवा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: हाँगकाँग १९९७ साली चीनकडे गेले तेव्हा तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनची आधीच तजवीज झाली होती असे वाचले, मग १९४७ साली आपल्याकडे असे काही झाले होते का? इंग्रज साहेबांची पेन्शन आपल्या तिजोरीतून का जावी? आणि गोव्यात पोर्तुगिजांच्या नोकरीत असलेल्या माणसांचे पुढे काय झाले?

माझी सगळी नोकरी पेन्शनची प्रकरणे तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर सेवाविषयक दाव्यांत सल्ला देण्याचे काम करतो. त्या नजरेने पाहिले तर या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट ठळकपणे दिसते. सत्तांतरात पेन्शन टिकते ती पैसा कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणत्या चलनात आहे यावर. कलम हवेच, पण त्याचा नंबर दुसरा.

आधी एक गैरसमज दूर करतो. आज आपण पेन्शनला हक्क म्हणतो. वसाहतींच्या काळात ती हक्क नव्हतीच. ब्रिटिश वसाहतींच्या पेन्शन कायद्यांत एक ठरावीक तरतूद असे: गतसेवेबद्दल पेन्शन मिळण्याचा निरपवाद हक्क कोणाही अधिकाऱ्याला नाही. आपल्याकडे १८७१ चा पेन्शन कायदा होता. त्याच्या कलम ४ ने सरकारने दिलेल्या पेन्शनबद्दलचा दावा दिवाणी न्यायालयात नेण्यास मनाई केली होती. कलेक्टरने दाखला दिला तरच कोर्टाची पायरी चढता येई. म्हणजे पंचवीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या हातात शेवटी उरे तो सरकारचा शब्द. सरकार तेच राहणार असेल तोवर तो पुरतो. सरकारच बदलणार असेल तर शब्द पाळायचा कोणी? पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद प्रकरणात आणि मग १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा प्रकरणात ठामपणे सांगितले. १९४७ साली असा कोणताही आधार हाताशी नव्हता.

आता पैसा कोणाचा, ते बघू. कलेक्टर, जिल्हा न्यायाधीश, पोलीस अधीक्षक, वनाधिकारी यांचे पगार आणि पेन्शन लंडनच्या तिजोरीतून येत नसत. ज्या मुलखात नोकरी केली त्याच मुलखाच्या महसुलावर तो बोजा पडे. नाशिकला किंवा धारवाडला कलेक्टरी करून साहेब इंग्लंडला परतला तरी त्याची पेन्शन इथला शेतसारा भरणाराच देत असे. ही रक्कम ‘होम चार्जेस’मध्ये, म्हणजे भारताच्या महसुलातून इंग्लंडात होणाऱ्या खर्चात, धरलेली असे, आणि दादाभाई नौरोजींनी देशाबाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब आयुष्यभर मांडला त्यात गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शन हा मोठा भाग होता. आयसीएस (इंडियन सिव्हिल सर्व्हिस) अधिकाऱ्याची पूर्ण पेन्शन वर्षाला १,००० पौंड. त्यासाठी पंचवीस वर्षांची नोकरी लागे, त्यातली एकवीस प्रत्यक्ष कामावरची. रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला असताना या हजार पौंडांचे १३,३३३ रुपये आणि वर थोडे होत. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग स्वतंत्र झालेल्या भारताने ती का भरावी? या वेतनश्रेणी ठरवताना इथल्या माणसाला कोणी विचारले नव्हते, हे खरेच आहे आणि त्याचा राग येणेही योग्य आहे. तरीही माझे मत असे की केलेल्या नोकरीची पेन्शन दिलीच पाहिजे होती. ती नाकारायची तर नव्या सरकारला एक अधिकार द्यावा लागला असता: जुन्या राज्यातली कोणाची सेवा धरायची आणि कोणाची पुसायची हे ठरवण्याचा. तो अधिकार एकदा दिला की साहेबापाशी थांबत नाही. त्याच कचेरीतला अव्वल कारकून, हवालदार, टपालवाला हे सगळे त्याच सरकारचे नोकर होते. त्यांच्या सेवापुस्तकातल्या नोंदींनाही तेवढीच किंमत होती.

१८ जुलै १९४७ रोजी संमत झालेल्या इंडियन इंडिपेंडन्स अ‍ॅक्टचे कलम १० याच कामासाठी आहे. भारतमंत्र्यांनी, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या ब्रिटिश मंत्र्यांनी, नेमलेला जो अधिकारी १५ ऑगस्टपासून भारत किंवा पाकिस्तान या दोन्हीपैकी एखाद्या डोमिनियनच्या किंवा प्रांताच्या नोकरीत राहील, त्याला पगार, रजा, पेन्शन आणि शिस्तभंगाच्या बाबतीत आधीचेच हक्क मिळतील, असे ते सांगते. पुढे लगेच जोड आहे: किंवा बदललेल्या परिस्थितीत शक्य असतील तितके त्यांसारखे हक्क. फायली वाचायची सवय असलेला माणूस इथे थांबतो. ‘शक्य असतील तितके’ हे ठरवणार कोण? अर्थातच नवे सरकार. आता त्याच कलमाचे शेवटचे पोटकलम वाचा. ते विधवा आणि मुलांसाठीच्या कुटुंब पेन्शन निधींबद्दल आहे. हे निधी अधिकाऱ्यांच्या वर्गणीतून उभे राहिले होते आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २७३ खाली स्वतंत्र कमिशनरांच्या ताब्यात दिलेले होते. पोटकलम म्हणते, या निधींतल्या हक्कांना या कायद्यातील कशानेही बाधा येणार नाही. एकाच कलमात दोन तऱ्हेची संरक्षणे अशी शेजारी शेजारी बसली आहेत. पैसा आधीच बाजूला काढलेला असल्यामुळे दुसऱ्याला ‘शक्य असतील तितके’ ही पुस्ती जोडावी लागली नाही.

पेन्शनशिवाय आणखी एक मागणी होती: नोकरी अकाली संपल्याबद्दल नुकसानभरपाई. १९४७ च्या एप्रिलअखेर ब्रिटिश सरकारने ती योजना जाहीर केली. त्याआधी वल्लभभाई पटेलांनी एक भूमिका घट्ट धरून ठेवली होती. मिळवलेली पेन्शन आणि रजा भारत देईल; पण जो भारतीय अधिकारी आपल्याच देशाच्या सरकारात काम करत राहणार, त्याला नुकसानभरपाई कसली? गोऱ्या अधिकाऱ्यांना ती द्यायची असेल तर ब्रिटनने आपल्या खिशातून द्यावी. ब्रिटनने ते मान्य केले. झालेल्या कामाचे देणे आणि गेलेल्या सत्तेची किंमत यांत वल्लभभाईंनी केलेला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. सत्तांतराच्या वाटाघाटीत ही दोन देणी एकत्र बांधली की नव्या देशाच्या गळ्यात दोन्ही पडतात.

खरी तजवीज मात्र झाली १९४८ च्या जुलैत, लंडनमध्ये. अर्थमंत्री आर. के. षण्मुखम् चेट्टी स्टर्लिंग शिलकेच्या वाटाघाटींसाठी तिथे गेले होते. ही शिल्लक म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात भारताने माल, अन्न, कापड, सैन्य पुरवले. ब्रिटनच्या वाट्याचा खर्च ब्रिटनने पौंडांत भारताच्या नावावर लंडनमध्ये जमा केला आणि त्या जमेच्या आधारावर इथे नोटा छापून पुरवठादारांना पैसे दिले गेले. त्यातून महागाई आणि टंचाई आली. १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच वर्षांतला. शेवटी भारत ब्रिटनचा धनको झाला, पण त्याचा पैसा बँक ऑफ इंग्लंडमध्ये अडकलेल्या खात्यात होता आणि मनाला येईल तसा काढता येत नव्हता. १९४८ च्या मध्यास ही रक्कम सुमारे ११६ कोटी पौंड होती.

या शिलकेतून भारताने ब्रिटिश सरकारकडून वर्षासन विकत घेतले. केंद्राच्या पौंडांतल्या पेन्शनसाठी १४ कोटी ७५ लाख पौंड आणि प्रांतांच्या पेन्शनसाठी २ कोटी ५ लाख पौंड, मिळून १६ कोटी ८० लाख. एकूण शिलकेचा हा साधारण सातवा हिस्सा. त्या बदल्यात ब्रिटन दरवर्षी ठरलेली रक्कम भारताला देणार आणि भारत त्यातून इंग्लंडातल्या पेन्शनरांचे देणे भागवणार. वर्षासन उतरते होते, सुमारे साठ वर्षांत शून्यावर येणारे. त्यामागचे गणित पेन्शनच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही चटकन कळेल. हा पेन्शनरांचा बंद गट होता. नव्याने कोणी येणार नव्हते आणि दरवर्षी हयातीचे काही दाखले येणे थांबणार होते. त्या उतारावर हप्ते बसवलेले होते.

या एका व्यवहाराने केवढे काम केले पाहा. पेन्शनरची रक्कम पौंडांत आणि लंडनमध्येच राहिली. दिल्लीत उद्या कोणते सरकार येते, रुपया घसरतो का, परकीय चलन शिल्लक आहे का, यांपैकी कशाचाही तिला धक्का लागणार नव्हता. भारताच्या बाजूनेही अडकलेल्या पैशातून एक लांबलचक देणे कायमचे निकाली निघाले. पुढे १९५५ साली ब्रिटिश संसदेने भारत, पाकिस्तान आणि ब्रह्मदेश यांच्या पेन्शनबद्दल कायदा केला आणि ती वाटण्याची जबाबदारीही ब्रिटनकडे गेली. जगभरच्या सत्तांतरांत पेन्शन वाचवण्याची यापेक्षा पक्की पद्धत मला माहीत नाही. पण तिच्यासाठी मोजलेले पौंड कुठून आले होते हे विसरता येत नाही. युद्धकाळात इथल्या माणसाने पोट मारून जे मागे टाकले, त्यातूनच साहेबाची म्हातारपणाची सोय पक्की झाली. म्हणून ‘साहेबाची पेन्शन भारताने भरली का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो, आणि तीही आगाऊ’ असे आहे.

त्याच आयसीएसमध्ये बसलेल्या भारतीय अधिकाऱ्याचे काय झाले, हा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्याला मिळाले कलम, घटनेतले कलम ३१४. भारतमंत्र्यांनी नेमलेल्या आणि नोकरीत राहिलेल्या अधिकाऱ्यांना पगार, रजा, पेन्शनचे जुने हक्क चालू राहतील अशी ती घटनेची हमी होती. १० ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत तिला जोरदार विरोध झाला. वल्लभभाईंनी उठून बजावले की फाळणीच्या धामधुमीत या माणसांनी देश सावरायला साथ दिली आहे आणि त्यांना दिलेला शब्द मोडता येणार नाही. हमी घटनेत गेली. यापेक्षा भक्कम जागा कागदावर दुसरी नाही.

ती बावीस वर्षे टिकली. १९७२ साली २८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३१४ रद्द केले, कलम ३१२-अ आणले, आणि त्यापाठोपाठ या जुन्या अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. आदल्याच वर्षी २६ व्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले होते. वारे त्याच दिशेने वाहत होते. आता मघाचा आकडा काढा. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. १९६७ च्या नोव्हेंबरात पौंड स्वतः घसरला तेव्हा तो १८ रुपयांवर आला. म्हणजे हजार पौंडांची पेन्शन त्या दराने १८,००० रुपये व्हायला हवी. १९७२ च्या कायद्याने पौंडांचा दावाच संपवला आणि रक्कम वर्षाला १३,३३३ रुपये आणि एक तृतीयांश अशी रुपयांत बांधली, जुन्या १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने. एकाच परीक्षेतून आलेले, एकाच जिल्ह्यात काम केलेले दोघे अधिकारी घ्या. इंग्लंडला परतलेल्याची पेन्शन लंडनमधल्या पैशावर बेतलेली होती, तिला कोणी हात लावू शकले नाही. देशाची सेवा करत राहिलेल्याची पेन्शन घटनेच्या कलमावर उभी होती, आणि कलम दोन तृतीयांश बहुमताने निघाले. माझ्या मते हा अन्याय होता. चालू नोकरीतल्या माणसाच्या शर्ती संसद बदलू शकते, पण निवृत्त होऊन घरी बसलेल्याने आपली बाजू पार पाडलेली असते.

इतर देशांतही हेच घडले, ते थोडक्यात सांगतो. आयर्लंडच्या १९२१ च्या कराराचे कलम १० हे नोकरीतून काढलेल्या किंवा सत्तांतरामुळे निवृत्त होणाऱ्यांना योग्य भरपाईची हमी देणारे होते. तिचा अर्थ लावता लावता विग आणि कॉक्रेन या दोन अधिकाऱ्यांचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला, आणि प्रकरण मिटायला १९२९ उजाडले. १९३२ साली आयर्लंडचे नेते डी व्हॅलेरा यांनी ब्रिटनला जाणारे, जमीन खरेदीच्या कर्जाचे हप्ते रोखले, जुन्या आयरिश पोलिसांच्या पेन्शनचे पैसेही थांबले आणि १९३८ पर्यंत दोन्ही देशांत जकातींचे युद्ध चालले. टांझानियाने १९६८ साली स्वातंत्र्यापूर्वीच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची पेन्शन देणे बंद केले, ब्रिटनने मदत थांबवली. आफ्रिकेतल्या नव्या देशांच्या घटनांमध्ये ही पेन्शन भारित खर्चात घातलेली असे, म्हणजे तिच्यावर विधिमंडळात मतदान होत नाही. शिवाय ब्रिटनशी वेगळे करारही होते. तरीही शाळा-दवाखान्यांना पैसा नसताना लंडनला पेन्शन पाठवणे कोणत्याही अर्थमंत्र्याला जड जाणारच. १९७० नंतर ब्रिटनने स्वातंत्र्यापूर्वीच्या सेवेची पेन्शन एकेका देशाकडून स्वतःकडे घेतली. ते आधीच करायला हवे होते.

हाँगकाँगच्या वेळी हा सगळा अनुभव गाठीशी होता. ब्रिटन आणि चीन यांच्या १९ डिसेंबर १९८४ च्या संयुक्त जाहीरनाम्याच्या पहिल्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले गेले की १ जुलै १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांसह सर्वांना पेन्शन पूर्वीपेक्षा कमी नाही अशा शर्तींवर मिळेल, राष्ट्रीयत्व किंवा राहण्याचे ठिकाण काहीही असो. चीनने हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यात हेच कलम १०२ म्हणून घातले. शब्द उत्तम होते. तरी निवृत्त होऊन इंग्लंडला जाणाऱ्यांची झोप उडालीच होती, कारण पेन्शन हाँगकाँग डॉलरमध्ये होती. हा डॉलर १७ ऑक्टोबर १९८३ पासून अमेरिकी डॉलरला ७.८० ने बांधलेला. ती बांधणी तुटली तर कलम १०२ चा भंग न होताही पेन्शन निम्मी होऊ शकत होती. ‘पूर्वीपेक्षा कमी नाही’ हे वचन डॉलरच्या आकड्याला लागू होते, इंग्लंडातल्या भाकरीच्या भावाला नव्हे.

म्हणून दोन गोष्टी कलमाबाहेर झाल्या. १९९५ च्या जानेवारीत हाँगकाँग सरकारने पेन्शनसाठी राखीव निधी उभा केला. आणि १९९६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून परदेशातून आलेल्या अधिकाऱ्यांना हमी दिली की हाँगकाँग डॉलर पौंडासमोर ठरलेल्या पातळीखाली घसरला तर फरक ब्रिटन भरून देईल. बांधणी पुढे टिकली. पण ही पौंडाची हमी स्थानिक चिनी कर्मचाऱ्यांना नव्हती. कारकून, दुय्यम पोलीस, दवाखान्यातल्या परिचारिका, यांच्यापाशी कलम १०२ आणि राखीव निधी, एवढेच.

गोव्याची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली ती वाटाघाटीविना, त्यामुळे पेन्शनबद्दल एक ओळही कोणी लिहिली नाही. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ च्या अखेरच्या करारात. मधल्या काळात कर्मचाऱ्यांना भारताने सामावून घेतले. त्यासाठी १९६५ साली संसदेने गोवा, दमण आणि दीवच्या सामावून घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा कायदा केला. जे नोकरीत राहिले त्यांचा प्रश्न असा मार्गी लागला.

मग १९७८ साली पोर्तुगालने स्वतःहून एक कायदा केला, क्रमांक ३६२. समुद्रापारच्या जुन्या प्रशासनात काम केलेल्यांना पोर्तुगालकडून पेन्शन मागता येईल, पुढच्या दुरुस्तीनंतर किमान पाच वर्षांच्या सेवेवर, आणि त्या काळात पगारातून पेन्शनसाठी कपात झालेली असेल तर. गोव्यातूनही अर्ज गेले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची नेमणूक सिद्ध करायची म्हणजे ‘बोलेतीं ओफिसियाल’ या जुन्या सरकारी राजपत्रातली नोंद शोधा, नेमणुकीचा पोर्तुगीज आदेश मिळवा, कपातीचा दाखला काढा, आणि पणजीच्या नोंदीतले नाव आणि आताच्या कागदांवरचे नाव जुळवा. मराठी घरातले नाव पोर्तुगीज धाटणीत एकदा एक आणि दुसऱ्यांदा दुसरे लिहिलेले असले की तेवढ्यावरून प्रकरण अडकते. गोव्याचे मूळ दप्तर सांभाळून ठेवणाऱ्यांनी अशा माणसांवर फार मोठे उपकार केले आहेत.

१९९० साली पोर्तुगालने नवे अर्ज घेणे बंद केले. त्यानंतर ज्यांना या कायद्याची माहिती कळली त्यांना दार बंद मिळाले. आणि कपातीच्या अटीमुळे जे हंगामी किंवा रोजावर होते, ज्यांच्या पगारातून पेन्शनसाठी कधी काही कापलेच गेले नव्हते, ते दार उघडे होते तेव्हाही बाहेरच राहिले.